‘तरासन’ दुरुस्त करू नका

प्रिय ताई,
आमची लालबागची चाळ पुनर्विकासाला गेली. खोली रिकामी करताना माळ्यावर आजीची पत्र्याची ट्रंक सापडली. आजी गावाहून मुंबईला आली तेव्हा ती सोबत घेऊन आली होती. आत आजोबांनी तिला गावी, सातारा जिल्ह्यात, पाठवलेली चाळीसेक पोस्टकार्डं आणि मनीऑर्डरच्या कुपनांचा एक गठ्ठा आहे. आजोबा गिरणीत होते. मी लहान असतानाच ते गेले. आम्ही सगळ्या नातवंडांनी या कार्डांची छोटी पुस्तिका छापायची ठरवली. चुलतभावाने मजकूर मोबाइलवर टाइप केला आणि अशुद्ध शब्द सुधारत गेला. १९५३ सालच्या एका कार्डात असं आहे : ‘म्या आता तरासनात हाय. बदली सपली. खाडा करीत न्हाय. घोर करूं नको.’ भावाने त्याचं केलं : ‘मी आता त्रासात आहे. बदली संपली. खाणं करीत नाही. घोर करू नको.’ हे ऐकून आत्या दोन दिवस रडत होती. आपले वडील मुंबईत उपाशी राहिले आणि आपल्याला कधी कळलंच नाही, हे तिला सहन होत नाही. मला मात्र ‘त्रासात’ खटकतंय, कारण आणखी एका कार्डात ‘तरासनचा जाबर गावी गेला’ असं वाक्य आहे. शब्दकोशात ‘तरासन’ मिळाला नाही. बाबा म्हणतात, आजोबा शाळेत गेले नव्हते, चुका असायच्याच. पुस्तिकेत मी काय छापू? आणि असे शब्द पुढे आले तर त्यांचा अर्थ लावायचा कसा?
– एक वाचक, भांडुप

तुमचं पत्र वाचलं आणि आधी आत्यांचाच विचार मनात आला. म्हणून उत्तर आधी सांगते, रीत मागून सांगते. त्या कार्डात आजोबा कसलंही दुःख सांगत नाहीत. ते लिहितात : मी आता गिरणीच्या ‘थ्रॉसल’ खात्यात आहे, बदली कामगार म्हणून उभं राहणं संपलं, मी एकही दिवस गैरहजर राहत नाही, तू काळजी करू नकोस. नवरा कायम झाल्याची बातमी आहे ही. गावाकडे त्या घरात हे कार्ड वाचलं गेलं तेव्हा आजीने देवापुढे साखर ठेवली असेल. आज, इतक्या वर्षांनी, तेच कार्ड ऐकून तिची लेक रडते आहे, कारण मधल्या मध्ये दोन शब्द कुणीतरी ‘शुद्ध’ केले.

तुमच्या भावाला बोल लावू नका. चाळीस कार्डं बसून टाइप करणारा माणूस आहे तो, ते प्रेमाचंच काम आहे. चूक झाली ती क्रमात. त्याने शब्द आधी सुधारला आणि मग त्याचा अर्थ लावला. हे उलट व्हायला हवं होतं. शब्द सापडण्याआधी सुधारला की तो कायमचा हातचा जातो, कारण त्याच्या जागी एक ओळखीचा शब्द येऊन बसतो आणि मग कुणाला शंकाही येत नाही. तुम्हाला शंका आली. ‘तरासनचा जाबर’ हे वाक्य तुम्ही पत्रात उतरवून पाठवलंत म्हणूनच मला वाट दिसली.

आता मी त्या शब्दापर्यंत कशी आले ते सांगते, म्हणजे पुढची कार्डं तुम्ही स्वतःच सोडवाल.

सगळ्यात आधी मी त्या ‘न’पाशी थांबले. मूळ शब्द ‘त्रास’ असता तर ‘त्रासात’ झालं असतं, सातारी तोंडात ‘तरासात’. कार्डावर आहे ‘तरासनात’. हा मधला ‘न’ आला कुठून? शेवटचा ‘त’ हा प्रत्यय, घरात, शेतात, गिरणीत यांतला. तो सोडवला की ‘तरासन’ उरतं. आणि इथे एक गोष्ट मनाशी पक्की धरा. शाळेत न गेलेला माणूस ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, जोडाक्षर फोडेल, अनुस्वार विसरेल, पण स्वतःच्या बोलीतला प्रत्यय तो चुकणार नाही. प्रत्यय शाळेत शिकवावे लागत नाहीत, ते आईच्या दुधाबरोबर येतात. त्यामुळे अनोळखी शब्द आला की आधी त्याच्या मागचा प्रत्यय सुटा करा. ‘चा-ची-चे’ लागलेत की ‘ला’, की ‘वर’, ते बघा. निम्मी ओळख तिथेच पटते.

मग तुमचं दुसरं वाक्य : ‘तरासनचा जाबर गावी गेला.’ त्रासाचा जाबर नसतो. तरासन ही अशी काहीतरी गोष्ट आहे जिच्यात माणूस ‘असतो’ आणि जिला एक जाबर आहे. म्हणजे ती जागा आहे, किंवा खातं. शिवाय हा शब्द दोन वेगवेगळ्या कार्डांत अगदी तसाच आलाय. लिहिताना हात घसरला तर एकदा घसरतो, दर वेळी वेगळा घसरतो. एकच ‘चूक’ दोनदा तशीच्या तशी दिसली की ती चूक समजू नका, तो उच्चार आहे.

आणि किल्ली होती ती ‘जाबर’मध्ये. गिरणीत जॉबर असे, कामगार भरती करणारा, त्यांच्यावर देखरेख ठेवणारा. हे मुंबईत अजूनही पुष्कळांना ठाऊक आहे. म्हणजे या हाताने ‘जॉ’चा ‘जा’ केला. साहजिकच आहे. ‘ऑ’ हा आवाज मराठीच्या घरचा नाही. ऑफिसचं हापिस झालं, डॉक्टरचा डाक्तर झाला, बॉबिनची बाबीन झाली. मग हाच नियम उलटा फिरवून पाहिला : ‘तरासन’मधला ‘रा’ मुळात ‘रॉ’ असेल का? सुरुवातीचं जोडाक्षर फोडून म्हणायची आपली सवय जुनीच, प्रकाशचा परकास होतो तशी, म्हणून ‘तरॉ’ हे ‘त्रॉ’ किंवा ‘थ्रॉ’ असणार. शेवटी ‘न’ आहे, तिथे ‘ल’ असू शकतो, कारण न आणि ल आपल्याकडे एकमेकांच्या घरी सहज जातात. नंबरला लंबर म्हणणारी माणसं तुम्हीही ऐकली असतील. थ्रॉसल, थ्रासल, तरासल, तरासन. लालबाग-परळच्या जुन्या गिरणी कामगारांच्या तोंडी ‘त्रासन खातं’ हा शब्द नेहमीचा होता, हे मला आधीपासून माहीत होतं, पण माहीत नसतं तरी जाबरने तिथवर आणून सोडलं असतं.

त्रासन खातं म्हणजे सूत कातण्याचं खातं. थ्रॉसल हे इंग्लंडातलं जुनं कातण्याचं यंत्र. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला उभारायला घेतली, तेव्हापासून असले इंग्रजी शब्द कामगारांच्या तोंडात घोळू लागले. पुढे ते यंत्र गेलं, त्या जागी ‘रिंग’ नावाची नवी कातणयंत्रं आली, पण खात्याचं नाव तेच राहिलं. तुमचे आजोबा ज्या यंत्रासमोर उभे राहिले ते थ्रॉसल नव्हतंच. फक्त नाव मागे उरलं होतं. आणि ‘थ्रॉसल’ हा मुळात इंग्रजीत एका गाणाऱ्या पक्ष्याला म्हणतात, आपल्या कस्तूर पक्ष्याच्या जातीतला. चालताना यंत्राची जी गुणगुण व्हायची तिच्यावरून ते नाव पडलं, असं कोशकार सांगतात. ज्या शब्दात तुमच्या घराला वेदना दिसली, त्याच्या तळाशी गाणारा पक्षी बसलाय. आत्यांना हे नक्की सांगा.

खात्याचं नाव कळणं ही छोटी गोष्ट नाही. विणाई खात्यात, म्हणजे साचे खात्यात, त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना घेत नसत, कारण धोट्यातलं, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या अवजारातलं, सूत तोंडाने ओढून काढावं लागे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय मांडला होता. कोण कुठल्या खात्यात उभा राहील हे नुसत्या कौशल्यावर ठरत नव्हतं. तेव्हा ‘तरासन’ पुसून ‘त्रास’ लिहिला की एका माणसाची मुंबईतली नेमकी जागाच पुसली जाते.

आता ‘बदली’. हा शब्द मला ‘तरासन’पेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. अनोळखी शब्द निदान आपल्याला अडवतो. ओळखीचा शब्द अडवत नाही, हात धरून भलतीकडे नेतो. आज बदली म्हटलं की सरकारी नोकरी, दुसरं गाव, सामानाचा टेम्पो. गिरणीत बदली म्हणजे दुसऱ्याच्या जागी काम करणारा माणूस. क्रिकेटमध्ये ‘बदली खेळाडू’ आपण आजही म्हणतो ना, तोच अर्थ. बदली कामगार रोज पाळीच्या वेळेला गिरणीच्या दारात उभा राहायचा. कुणी आलं नाही तर त्याच्या जागेवर काम मिळे, सगळे आले तर परत खोलीवर. महिन्यात किती दिवस भरतील याचा भरवसा नाही, म्हणून गावी किती पैसे जातील याचाही नाही. ‘बदली सपली’ या दोन शब्दांत काय सुटकेचा निःश्वास आहे, बघा.

आणि लगेच पुढे ‘खाडा करीत न्हाय’. खाडा म्हणजे गैरहजेरीचा दिवस. हा शब्द अजून मेलेला नाही. तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या ताईंना विचारा, ‘महिन्यात किती खाडे झाले’ हे वाक्य मुंबईतल्या कितीतरी स्वयंपाकघरांत दर पहिल्या तारखेला ऐकू येतं. आता चारही वाक्यं शेजारी शेजारी ठेवा. नवं खातं मिळालं, बदली संपली, खाडा करत नाही, घोर करू नको. एकाला एक जोडलेली आहेत. भावाने केलेल्या रूपात मात्र ती जुळत नाहीत : मी त्रासात आहे, मी जेवत नाही, तू काळजी करू नको. बायकोला असं कोण लिहील? शब्दाचा अर्थ बरोबर लागलाय का, याची सगळ्यात खात्रीची कसोटी हीच. अर्थ लावल्यावर पुढचं-मागचं वाक्य जागेवर बसलं पाहिजे. बसत नसेल तर आपला अर्थ चुकलाय, लिहिणारा नाही. बाकीच्या कार्डांत ‘पाळी’, ‘साचा’, ‘खातं’ असे शब्द येतील. तिथेही आजचा अर्थ लगेच चिकटवू नका. पाळी म्हणजे शिफ्ट, साचा म्हणजे माग, खातं म्हणजे विभाग.

बाबा म्हणाले की आजोबा शाळेत गेले नव्हते. मग ही कार्डं लिहिली कुणी? याचा विचार जरूर करा. एका गाळ्यात दहा-पंधरा माणसं राहायची, त्यांतला एखादा चार यत्ता शिकलेला असायचा, तो सगळ्यांची पत्रं लिहून द्यायचा. बोरीबंदरजवळच्या जीपीओबाहेर पैसे घेऊन पत्र लिहून देणारे बसत, तसेही कुणी असतील. ‘करूं’ या शब्दावरचा अनुस्वार बघा. तो जुन्या शाळेतला आहे. म्हणजे लिहिणारा हात शाळेत जाऊन आलेला, त्याला ‘करूं’ येत होतं, पण ‘तरासन’ त्याने कधी छापलेलं पाहिलं नव्हतं, म्हणून कानाला जसं लागलं तसं उतरवलं. साहेबाच्या तोंडून जॉबरच्या, जॉबरच्या तोंडून आजोबांच्या आणि तिथून या लिहिणाऱ्याच्या कानात. पलीकडे गावी आजीला तरी वाचता येत होतं का? बहुतेक पोस्टमनने किंवा मास्तरांनी वाचून दाखवलं असणार. म्हणजे हे पत्र मुळात डोळ्यांसाठी नव्हतंच. ते ऐकून लिहिलं गेलं आणि ऐकूनच वाचलं गेलं. म्हणून माझा सगळ्यात मोठा सल्ला हा आहे : शब्द अडला की कार्ड कुणाला दाखवू नका, मोठ्याने वाचून दाखवा.

हे मी शिकले ती जागा लालबागचीच. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात सासूबाईंनी मालवणी मसाल्याची यादी लिहून हातात दिली. धणे, बेडगी, दगडफूल, नागकेशर सगळं लागलं, एका शब्दावर मात्र अडले. कागदावर मला ‘वाद्यान’ दिसत होतं. घरी विचारायला संकोच वाटला. मिरची गल्लीतल्या दुकानात मी कागद पुढे केला तर गल्ल्यावरचे काका म्हणाले, ‘कागद ठेवा बाजूला, म्हणून दाखवा.’ मी म्हटलं, ‘वाद्यान.’ ते क्षणात उठले आणि बरणीतून चांदणीसारखी फुलं काढून तळहातावर ठेवली. बाद्यान! म्हणजे चक्रीफूल. सासूबाईंच्या ‘ब’ला पोटातली रेघ नव्हती, एवढंच. हे फारसीतलं बादियान, मसाल्यांबरोबर इथवर चालत आलेलं. त्या काकांनी कागदाकडे नजरही टाकली नव्हती. धंद्यातला माणूस शब्द कानाने ओळखतो. त्या दिवसापासून मी कुठलाही न लागणारा शब्द आधी तीनदा मोठ्याने म्हणते, सावकाश, भराभर, आणि मग थोडा अनुनासिक करून. कितीतरी शब्द तिथेच सुटतात.

तरी काही शब्द कानाने सुटत नाहीत, कारण मुळात आपण अक्षरच चुकीचं वाचलेलं असतं. जुन्या हस्ताक्षरातला ‘ख’ हा ‘र’ आणि ‘व’ असा सुटा दिसतो. खाडा तिथे रवाडा वाचला जाईल, खाना रवाना होईल. ध आणि घ, भ आणि म, थ आणि य, ब आणि व, या जोड्यांवर कायम पहारा ठेवा. अशा वेळी त्याच कार्डात, त्याच हाताने लिहिलेला एखादा शंभर टक्के ओळखीचा शब्द शोधा. ‘घर’ सापडला तर त्याचा घ कसा असतो ते कळलं. ‘भाऊ’ सापडला तर भ कळला. एका कागदावर त्या हाताची बाराखडी तयार करत जा. आणि ओळीच्या शेवटाकडे लक्ष द्या. पोस्टकार्डावर जागा कमी, त्यामुळे शब्द कुठेही तोडून खालच्या ओळीत नेलेला असतो, मध्ये रेघही नसते. वर ‘तरा’ आणि खाली ‘सनात’ असं असेल तर दोन्ही निरर्थक वाटणारच. एखादं कार्ड अजिबातच लागत नसेल, अक्षरं एकाला एक जोडून पळत सुटल्यासारखी दिसत असतील, तर ते जुन्या मोडी लिपीत आहे का बघा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, वरची रेघ आधी मारून अक्षरं तिला टांगत जातात. फोर्टमध्ये एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेख संचालनालय आहे. ते मोडीचे वर्ग घेतं. तिथे मोडी वाचणारी माणसं भेटतील.

कोशांबद्दल. तुम्ही शब्दकोशात पाहिलंत असं लिहिता, पण बहुधा आजच्या वापरातला एखादा कोश पाहिला असणार. जुन्या शब्दासाठी जुना कोश हवा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. बोलीतला, रोजच्या व्यवहारातला शब्द त्याने तिरस्कार न करता घेतला, म्हणून आज दीडशे वर्षांनीही मी तोच आधी उघडते. त्यानंतर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ पासून खंडाखंडाने निघालेला. त्यात शब्दापुढे कंसात प्रांत दिलेला असतो, (कों.) म्हणजे कोकणातला, (व.) म्हणजे वऱ्हाडातला. ही छोटी अक्षरं फार कामाची. एखादा शब्द आजोबांनी गावाहून आणलेला की मुंबईत मिळवलेला, ते त्यावरून कळतं. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर खुले केलेत, घरबसल्या बघता येतात. छापील हवे असतील तर दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं. शोधताना मात्र हट्ट सोडा. न मिळाला तर ण घालून बघा, ल ऐवजी ळ, स ऐवजी श, पहिलं अक्षर ऱ्हस्व, मग दीर्घ. ‘खाडा’ असा मिळतो. ‘तरासन’ कसंही शोधलंत तरी अशा कोशात हाती लागणं कठीण, कारण असे शब्द कारखान्याच्या भिंतीआड जन्मले आणि कोशकार तिथे क्वचितच पोचले.

म्हणून त्या शब्दांसाठी माणसंच गाठायला हवीत, आणि तीही लवकर. १९८२ च्या गिरणी संपात जे पंचविशीत होते ते आज सत्तरीच्या आसपास आहेत. लालबाग, काळाचौकी, डिलाईल रोड इथे संध्याकाळी एखाद्या मंडळाच्या कट्ट्यावर किंवा देवळाच्या ओट्यावर बसलेल्या आजोबांना विचारा. ‘तुम्ही कुठल्या खात्यात होतात?’ एवढं विचारलंत की पुरे. दहा शब्द विचारायला जाल आणि पन्नास घेऊन याल. परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, कारण घरी आल्यावर आपण पुन्हा ते शब्द आपल्या पद्धतीने लिहायला लागतो.

मोबाइलचा कीबोर्ड मात्र या कामात बंदच ठेवा, म्हणजे त्याची सुचवणी बंद करा. त्याला फक्त जास्त वापरला जाणारा शब्द माहीत. लाखो लोक ‘त्रासात’ लिहितात, ‘तरासनात’ लिहिणारे आजोबा एकटे. तो बहुमताच्या बाजूने जाणार. हल्ली लोक असे शब्द संगणकाच्या चॅट प्रोग्रामलाही विचारतात. विचारा, हरकत नाही, पण ‘याचे कायकाय अर्थ संभवतात’ असं विचारा आणि मिळालेला प्रत्येक अर्थ वर सांगितलेल्या कसोटीवर घासा : प्रत्यय जुळतो का, दुसऱ्या कार्डातलं वाक्य जुळतं का, पुढचं-मागचं बसतं का. किती खात्रीने सांगितलंय यावर जाऊ नका.

आता पुस्तिकेत काय छापायचं. कार्डावर जे आहे तेच, अक्षरन् अक्षर. ‘हाय’, ‘सपली’, ‘न्हाय’ सगळं तसंच. त्याला अशुद्ध म्हणू नका, बाबांनाही म्हणू देऊ नका. आपण आज जे शुद्धलेखन पाळतो त्याचे मराठी साहित्य महामंडळाने केलेले नियम १९६२ चे, त्यांत १९७२ मध्ये चार नियमांची भर पडली. तुमच्या आजोबांचं कार्ड १९५३ चं आहे. जे नियम अजून जन्मलेच नव्हते, ते त्यांनी मोडले असं कसं म्हणायचं? समोरच्या पानावर आजच्या मराठीत अर्थ द्या, कठीण शब्दांखाली दोन ओळी लिहा. जिथे तुम्हाला पुरती खात्री नाही तिथे कंसात प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे जा. वाचणाऱ्यांपैकी एखाद्या गावच्या काकांना तो शब्द माहीत असेल, ते सांगतील. प्रश्नचिन्ह नसेल तर कुणी सांगायला येणार नाही. भावाने केलेली टाइप प्रत टाकून देऊ नका, तीवर काम करा, फक्त प्रत्येक कार्ड पुन्हा एकदा मुळाशी ताडून बघा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने प्रतीवर बोट ठेवून ऐकायचं. कार्डांचे फोटो खिडकीच्या उजेडात काढा, फ्लॅश नको. आणि कृपा करून कार्डं लॅमिनेट करू नका, फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावू नका. त्याने कागद कायमचा खराब होतो. साध्या पाकिटात, कोरड्या जागी ठेवलीत तरी चालेल.

आणि ती कुपनं. तुम्ही त्यांचा उल्लेख ओझरता केलात, पण माझं मन तिथेच अडकलंय. मनीऑर्डरच्या कुपनावर रक्कम आणि तारीख असते, चार शब्द लिहायला थोडी जागाही असते. ती तारखेप्रमाणे लावून घ्या. माझा अर्थ बरोबर असेल तर १९५३ च्या त्या कार्डाच्या आधी रकमा कमी-जास्त, मध्ये एखादा महिना कोरा, आणि त्यानंतर मात्र दर महिन्याला पैसे आलेले दिसायला हवेत. आत्यांना शेजारी बसवा. कार्ड त्यांच्या हातात देण्याआधी तुम्ही वाचून दाखवा, आजोबांच्या बोलीत, जसं आहे तसं, ‘म्या आता तरासनात हाय’ पासून. मग कुपनं एकेक करून त्यांच्याकडूनच लावून घ्या, आणि काय निघालं ते मला कळवा.